फळीवरचा फोन

३ फेब्रुवारी

धाकटे,

फोन उचलायचाच नाही असं ठरवलं असशील तर नको उचलू. मी तरी किती वेळा लावू? ती मशीनमधली बाई "आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती" असं सुरू करते आणि मला तिच्या नरडीचा घोट घ्यावासा वाटतो. म्हणून हे पत्र. पत्ता तुझ्या वहिनीकडून काढला. तुझा डबा माझ्याकडे राहिलाय, तो पाठवायचाय, अशी थाप मारली. तिच्यावर डाफरू नकोस.

आधी तोंडसुख घेते, मग कामाचं लिहिते.

शहाणी आहेस की खुळी? कवळ्यांच्या टेबलावरची अक्काची जागा मागितलीस, लॅबच्या मालकांनी ती दिली, आणि दुसऱ्या दिवशी तू कामावर नाहीस. पुढच्या आठवड्यात शहरातच नाहीस! जागा हवी होती ना? मग बसायचं होतंस तिच्यावर. लाज वाटली म्हणशील, तर लाज वाटणाऱ्या माणसाने अक्काच्या पायाशी जाऊन बसावं. भावाच्या घरी जाऊन तोंड लपवण्याला लाज म्हणत नाहीत.

तुझ्या बाजूने ते कसं घडलं मला माहीत नाही. माझ्या बाजूने असं घडलं. नेहमीसारखा सकाळी लॅब उघडल्या उघडल्या मी अक्काला फोन लावला आणि प्लास्टरच्या डब्यांशेजारी फळीवर ठेवून दिला. तिला झटका आला, उजवं अंग गेलं, तेव्हापासून आपण रोज हेच करत होतो. दुपारपर्यंत फोन चालू. ती घरी अंथरुणात पडल्या पडल्या आपलं टेबल ऐकायची, आपण पाठवलेला गुलाबी मेणाचा गोळा त्या लुळ्या हातात धरून दाबायची, आणि मधेच फळीवरून ओरडायची, "अगं सावकाश! कवळी आहे ती, फरशी नाही!" जीभ जड झाली होती, शब्द अर्धे यायचे, पण दरारा तोच. आणि हात सुधारत होता, धाकटे. चमचा धरायला लागली होती. व्यायाम करून घेणारी बाई स्वतः मला म्हणाली की हा फोन बंद करू नका.

त्या दिवशी वीज गेली. तुझं घासायचं मशीन बंद, पंखा बंद, लॅब चिडीचूप. रोज मशीनच्या घरघरीत अक्काला आपलं अर्धंमुर्धंच कळायचं, आज शब्द न् शब्द कळणार, हे तुझ्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही. मालक आत आले. "अक्काच्या जागेचं काय करायचं? काम तुंबलंय," म्हणाले. मी म्हटलं, थांबा थोडं, हात सुधारतोय तिचा. आणि तू म्हणालीस, "नाही सुधारत. चमचा धरणं वेगळं आणि दात लावणं वेगळं. ती परत येणार नाही, मालक. आपण उगीच आपली समजूत घालतोय. मला द्या ती जागा."

मग फळीवर अक्का खाकरली. एवढंच. आणि फोन बंद झाला.

आता कामाचं. अक्काने त्या दिवसापासून फोन घेतलेला नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. व्यायामवाल्या बाईला हात लावू देत नाही. तिची सूनबाई भरवायला गेली की ओठ मिटून घेते, दोन घोट दूध कसंबसं जातं. डॉक्टर म्हणाले, हात तर जाईलच, पण असंच न खाता चाललं तर हाताचा प्रश्नच उरणार नाही. ते सूनबाईला बाजूला घेऊन म्हणाले. सूनबाईने मला बाजूला घेऊन सांगितलं.

तू तिला फोन कर. माफी माग, भांड, रड, काय वाटेल ते कर. पण तुझा आवाज तिच्या कानावर पडू दे.

मधली


१९ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. ठीक आहे. दात धरून बस.

मी रविवारी अक्काकडे गेले होते. खोली तशीच, औषधांचा वास, खिडकीला अर्धा पडदा. अक्का म्हणजे चादरीखाली एक पाठ आणि वर एक आंबाडा, तोही सूनबाईने घातलेला, वाकडा. मी खुर्ची ओढून त्या पाठीशी बोलत बसले. तुला माहीत आहे मी किती बडबडी. पण पाठीशी बोलायचं म्हणजे अवघडच, माणूस हसतंय की वैतागतंय तेसुद्धा कळत नाही.

टेबलाचा कायदा आठवतो ना? मेण वितळवायचा बर्नर पेटवण्याआधी प्रत्येकीने रस्त्यात पाहिलेली एक गोष्ट सांगायची. रिकाम्या हाताने आलीस तर दिवसभराचा चहा तू करायचास. तू सुरुवातीला आठवडाभर चहाच करत होतीस, आणि अक्का म्हणायची, "पोरी, तू डोळे घरी ठेवून येतेस का?" मग एक दिवस तू सांगितलंस, कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात एक टकला माणूस तासभर खुर्चीत बसून होता, नुसता गार वाऱ्यासाठी, आणि न्हावी बिचारा हवेत कात्री चालवत होता. अक्का इतकी हसली की तिच्या हातातली मेणाची हिरडी तुटली. त्या दिवसापासून तू घरून लवकर निघायला लागलीस. का, तर काहीतरी दिसावं म्हणून.

म्हणून मी अक्काला तसंच सांगायला लागले. म्हटलं, अक्का, आज रस्त्यात काय पाहिलं सांगू? आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. खरं सांगायचं तर हल्ली मी बसने जाते, खिडकीपाशी बसते, पण बाहेर बघत नाही. मग मी रचून सांगितलं. एक कुत्रं पिशवी तोंडात धरून रस्ता ओलांडत होतं आणि सगळ्या गाड्या थांबल्या, असं. बरं जमलं होतं. पाठ हलली नाही.

तुझं घासायचं काम आणि अक्काचं दात लावायचं काम, दोन्ही माझ्याच गळ्यात आहे. मालकांनी परवा घड्याळाकडे बघून माझ्याकडे बघितलं. उशीर होतो मला. मी म्हटलं, बस मिळत नाही. बस मिळते. जाऊ दे, हे तुला कशाला लिहितेय.

फोन कर तिला.

मधली


८ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. एवढी मोठी जागा आणि त्यात एकच ओळ: "मी खोटं काय बोलले?" खाली सहीसुद्धा नाही. कार्डावर चष्म्याच्या दुकानाचा शिक्का आहे, म्हणजे तिथे कामाला लागलीस तर. दातांवरून डोळ्यांवर चढलीस, प्रगती आहे.

आता ऐक. खोटं काही बोलली नाहीस. ती परत येणार नव्हती. मला माहीत होतं, मालकांना माहीत होतं, व्यायामवाल्या बाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अक्काला काय माहीत नव्हतं? चाळीस वर्षं त्या टेबलावर बसलेली बाई, समोरच्याच्या जबड्याचा साचा नुसता हातात घेऊन माणूस किती वर्षं रडकुंडीला आलंय ते सांगायची. तिला स्वतःचा हात कळला नसेल? पण रोज सकाळी फोन वाजला की ते कळलेलं ती दुपारपर्यंत बाजूला ठेवायची. दुपारनंतर परत घेऊन बसायची. तेवढी सकाळ तिची होती. ती तू काढून घेतलीस, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुला हे समजणार नाही, कारण तुला कधी तशी सकाळ लागली नाही. मला लागली होती. आमचे हे गेले तेव्हा तू अजून लॅबमध्ये आली नव्हतीस. मी महिनाभर घराबाहेर पडले नाही. आंघोळ नाही, वेणी नाही, ताटात वाढलेलं तसंच. तेव्हा अक्का रोज सकाळी फोन करायची. धीर धर, देवाची मर्जी, वेळ हेच औषध, असलं एक अक्षर बोलायची नाही. म्हणायची, "उठलीस का? ऐक, काल त्या जाड्या डॉक्टरने परत उलटा साचा पाठवला. वरचा जबडा खाली!" आणि सांगत सुटायची. मी नुसती हं हं करायचे. मग एक दिवस मीच विचारलं की त्या साच्याचं पुढे काय केलंत. ती म्हणाली, "येऊन बघ." मी गेले. तेव्हापासून जातेय.

फोन फळीवर ठेवायची कल्पना मला त्यातूनच सुचली, हे मी तुम्हाला दोघींनाही कधी सांगितलं नाही.

म्हणून मला तुझ्या त्या ओळीचा राग आला. खरं बोलण्यात काय मोठेपणा आहे गं? खरी काय, भिंतसुद्धा असते. तिच्याकडे तोंड करून पडली आहेच ती.

कार्ड पाठवलंस, म्हणजे हात शाबूत आहेत तुझे. त्याच हाताने फोन लाव. मी दातांच्या कण्या करतेय इथे, आणि कवळ्या बनवणाऱ्या बाईने तेवढ्या करू नयेत.

मधली

ता.क. ती आता दूधही नको म्हणते. सूनबाई कापूस भिजवून ओठांना लावते. अक्काचा मुलगा म्हणतो इस्पितळात नेऊन नळी घालू. अक्काने त्याचा हात डाव्या हाताने असा झिडकारला की औषधाची बाटली फुटली.


२१ मार्च

धाकटे,

अक्का बोलली.

नीट सांगते, पण घाईघाईने लिहितेय, अक्षर वाचता आलं नाही तर मला दोष देऊ नकोस.

मी काल गेले तेव्हा मुलगा इस्पितळाच्या पिशव्या भरत होता. आज नेणार होता. सूनबाई स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. मी आत जाऊन बसले आणि नेहमीसारखी सुरू झाले. म्हटलं, अक्का, आज काय पाहिलं माहितीये का, बसमध्ये एक आजोबा होते, त्यांनी कवळी काढून खिशात ठेवली आणि समोरच्या लहान मुलाला अशा वाकुल्या दाखवायला लागले की...

"खोटं," पाठीकडून आवाज आला.

मला वाटलं भास झाला.

मग ती वळली. कशी वळली ते देव जाणे, डाव्या हाताने पलंगाची कड धरून, सगळं अंग ओढत. मी मदतीला हात पुढे केला तर डोळ्यांनीच मागे सारला. तिचा चेहरा मी दीड महिन्याने पाहिला. अगं, गाल आत गेलेत, आणि तोंडात तिची स्वतःची कवळी नाही, आपण तिघींनी मिळून केलेली ती, काढून ठेवली आहे. ओळखू येत नाही.

"कुत्रं खोटं," ती म्हणाली. "लग्नातला घोडा खोटा. आजोबा खोटे." एकेक शब्द खरवडून काढत होती. मी दर रविवारी जे जे सांगितलं ते सगळं तिने मोजून ठेवलं होतं. मी म्हटलं, अक्का, खोटं नाही गं, खरंच... तर ती म्हणाली, "तू बघत नाहीस हल्ली. मला कळत नाही का?"

मला रडूच कोसळलं. ती रडली नाही. मला रडू दिलं आणि मग म्हणाली, "सगळे गोड बोलतात. सून गोड, मुलगा गोड, तू गोड. डॉक्टर गोड. मेल्या माणसाशी बोलतात तसं." थोडा दम खाल्ला. मग म्हणाली, "ती एकटी बोलली."

मी विचारलं, कोण?

"धाकटी. तिला बोलव."

मी म्हटलं, अक्का, तू तिच्यावर रागावली नाहीस? त्यावर तिने जे तोंड केलं ते तुला माहीत आहे, आपण वाकडा दात लावल्यावर करायची ते. "रागावले," म्हणाली. "खूप. म्हणून तर बोलव."

तर हे असं आहे. गेला दीड महिना मी तुला लिहितेय की तू तिची सकाळ हिसकावलीस. आणि तिने भिंतीकडे तोंड केलं ते तुझ्यामुळे नाही. म्हणजे तुझ्यामुळेही, पण नंतर आम्ही सगळे तिच्याभोवती जे साखर पेरत बसलो त्याचा तिला उबग आला. मला हे लिहायला किती जड जातंय ते लिहीत नाही. मी दर रविवारी दोन बस बदलून जायचे. आणि हाक कोणाची, तर तुझी.

मुलाला मी हातापाया पडून आठ दिवस थांबवलंय. तो म्हणाला, आठ दिवसांत काही खाल्लं नाही तर मी कोणाचं ऐकणार नाही.

येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता मी तिच्या उशाशी माझा फोन धरून बसलेली असेन. तुला फक्त माझा नंबर दाबायचाय. आता तरी.

मधली


३० मार्च

धाकटे,

आभार मानणार नाही. तुला ते आवडत नाही आणि मला आत्ता तुझा हेवा वाटतोय, त्यामुळे मनापासून येणारही नाहीत.

तुला ऐकू आलं असेल, तरी सांगते. साडेअकरा झाले, फोन नाही. मी मनातल्या मनात तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. अक्का डोळे मिटून. मग वाजला. मी स्पीकर लावायला गेले तर अक्काने डाव्या हाताने फोन माझ्या हातातून काढून घेतला, कानाशी दाबला आणि मला म्हणाली, "बाहेर."

मी! मला बाहेर! सूनबाई आणि मी दोघी दाराबाहेर उभ्या. हो, कान लावून. लाजायचं काय त्यात? पण तुझं काही ऐकू येत नव्हतं, आणि अक्काचंही पुष्कळ वेळ काहीच नाही. सूनबाई घाबरली. मग आतून आवाज आला.

"मग?"

मग परत, "मग?" आणि मग जरा चढ्या आवाजात, "आणि मग?"

धाकटे, मी दीड महिना त्या खोलीत बोलले. कुत्री, घोडे, आजोबा, काय काय रचलं. तिने मला एकदाही 'मग' विचारलं नाही. आणि तुला पाऊण तास विचारत होती. मधे एकदा भांडली. "चूप! गाढव!" असं स्पष्ट म्हणाली, इतकं स्पष्ट की सूनबाईने माझा दंड धरला. आणि एकदा, मी शपथेवर सांगते, हसली.

फोन संपल्यावर आम्ही आत गेलो. तिने कवळी मागितली. सूनबाईने धुऊन दिली. हिरड्या आटल्यात, कवळी सैल झालीय, बोलताना खाली घसरते, पण तिने ती डाव्या हाताने बसवली आणि म्हणाली, "भूक लागली." वाटीभर सूप प्यायली, पावाचा मऊ भाग खाल्ला. मुलगा दारात उभा राहून बघत होता. मग जाऊन पिशव्या रिकाम्या करायला लागला.

मेणाचा गोळा मी पुढे केला. तिने बघितलाही नाही. म्हणाली, "तो लागत नाही आता." मग माझ्याकडे बघून, "रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड." तुझ्यासारखीच बोलायला लागलीय.

तू तिला काय सांगितलंस ते विचारणार होते. नाही विचारत. तुमच्या दोघींचं आहे ते.

पण दर रविवारी कर. मी फोन पोचवेन आणि स्वतःहून बाहेर जाईन.

मधली


२९ एप्रिल

धाकटे,

अक्काच्या मुलाने तुला कळवलंच असेल. तरी माझ्याकडून एकदा लिहायला हवं.

अक्का गेल्या आठवड्यात, बुधवारी सकाळी गेली. दुसरा झटका. त्रास फार झाला नाही असं डॉक्टर म्हणतात, म्हणजे झाला असेल. सूनबाई तिला तोंड धुवायला पाणी देत होती. अक्का म्हणाली, "पाणी गार आहे गं," आणि मान टाकली. बस. कोणी लिहून ठेवावं असं काही बोलली नाही.

तू आली नाहीस. मी रागावलेली नाही. तू शेवटच्या रविवारी फोन केलास, तेवढं पुरे. ती महिनाभर जेवली. जेवून मेली. हे ऐकायला वेडगळ वाटेल, पण मला ते फार मोठं वाटतं. उपाशी, भिंतीकडे तोंड करून गेली असती तर मी काय केलं असतं मला ठाऊक नाही. आता निदान एवढं झालं की ती आमच्याकडे बघत गेली.

सूनबाईने तिची कवळी तोंडातच ठेवली. मी सांगितलं तसं. सैल होती, मी आधी खालून मेणाचा पातळ थर देऊन बसवली. चेहरा बरा दिसला. अक्काने बघितलं असतं तर म्हणाली असती की डावीकडे उंच झालंय. झालंच होतं. माझे हात नीट चालत नव्हते.

मालकांनी तिची खुर्ची मागे नेऊन ठेवलीय, फोनवर म्हणाले. एका मुलीला शिकायला घेणार आहेत. घेऊ देत.

आता जे लिहितेय ते मी यापूर्वी चारदा लिहून फाडलंय.

मी कामावर जात नाहीये. अक्का गेली त्या दिवसापासून नाही. मालकांना ताप आहे म्हणून सांगितलं. ताप नाही. सकाळी जाग येते, छताकडे बघते, आणि उठायचं कशासाठी ते सापडत नाही. अंथरुणातच दुपार होते. भांडी पडलीत. काल दार वाजलं तर मी श्वास रोखून पडून राहिले, दार वाजवणारा जाईपर्यंत. माझ्या मुलाचा परदेशातून फोन येतो, जेवलीस का, मी म्हणते जेवले, तो म्हणतो काळजी घे, मी म्हणते तूही घे, संपलं. तो तरी काय करणार? मी त्याला गोड बोलते, तो मला गोड बोलतो.

आणि हे आत्ताचं नाही, धाकटे. अक्काला झटका आला तेव्हापासूनचं आहे. बस मिळत नव्हती असं मी तुला लिहिलं होतं ना? मी उठतच नव्हते. अक्काला फोन लावायचाय, तिला ऐकवायचंय, तिचा हात सुधारायचाय, म्हणून कशीबशी उठायचे. सगळे म्हणायचे, मधली काय करते हो अक्कासाठी! तो फोन अक्कासाठी जेवढा होता तेवढाच माझ्यासाठी होता. मग रविवार होता, अक्काकडे जायचं होतं. तुला पत्रं लिहायची होती, तुझ्यावर ओरडायचं होतं. आता ओरडायलाही कारण उरलं नाही.

आमचे हे गेले तेव्हा अक्का होती. अक्का गेली तेव्हा कोण, हा हिशोब मी आधी केलाच नव्हता.

गेल्या पत्रात मी लिहिलं की तू तिला काय सांगितलंस ते विचारणार नाही. विचारते. काय सांगितलंस गं? तिला परत उभं राहता येणार नव्हतं, हात येणार नव्हता, काम गेलं होतं, आणि हे सगळं तू तिच्या तोंडावर सांगितलंस असणार, तुझा काही नेम नाही. तरी ती म्हणाली भूक लागली. ते काय होतं?

की ते आता शब्दांत येणार नाही, नुसतं तू बोललीस आणि ती भांडली, एवढंच होतं?

मला धीर देऊ नकोस. अक्का वरून बघत असेल वगैरे म्हणालीस तर मी फोन आपटेन. तुझ्या त्या चष्म्याच्या दुकानातलं सांग. कोण आलं, कोणी काचा परत केल्या, मालकीणबाई कशी आहे, वहिनीशी पटतंय का. पटत नसेल, तर तेही सांग. काहीही चालेल, फक्त रचून नको.

मी आज हे पत्र टाकायला खाली जाणार आहे. त्यासाठी वेणी घालावी लागेल. तेवढं करते. पोचायला चार-पाच दिवस लागतील. तेवढे मी काढते.

मग सकाळी फोन कर. किती वाजता ते तू ठरव. तू बोल. पहिले काही दिवस मी नुसती हं हं करेन, तिकडे लक्ष देऊ नकोस, बोलत राहा. मी 'मग' म्हणेपर्यंत ठेवू नकोस.

मधली